शिवडीला लाट येत नाही

शिवडीच्या किल्ल्यावर उभं राहून पूर्वेला पाहिलं तर समुद्र दिसतो, पण लाट दिसत नाही. खाडीचं पाणी इथं चढतं आणि उतरतं. भरतीला गुपचूप वर येतं, ओहोटीला लांबवर चिखल उघडा टाकून निघून जातं आणि त्या चिखलात फ्लेमिंगो चोची खुपसून चरत राहतात. गिरगाव किंवा दादरच्या चौपाटीवर फुटते तशी लाट या अंगाला नाही. राजकारणात मात्र दर निवडणुकीला कुणाची ना कुणाची लाट असते, ती मोजणारे असतात, आणि निकालाच्या दिवशी मोजणाऱ्यांचीही मोजणी होते. गिरणगावाच्या पूर्वेकडच्या या टोकावरून ते सगळं पाहिलं, तर लाटेबद्दल थोडं वेगळं मत होतं.

१९८४पासून सुरुवात करू. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि दोन महिन्यांच्या आत देश मतदानाला गेला. निवडणुकीचे अंदाज तोवर नवे राहिले नव्हते. दिल्लीत एरिक डा कोस्टा यांची जनमत चाचणीची संस्था पन्नाशीच्या दशकापासून काम करत होती. पण अंक हातात घेऊन लोक आकड्यांवर वाद घालू लागले ते प्रणय रॉय यांच्यामुळे. त्यांनी आणि अशोक लाहिरींनी 'विरोधी एकजुटीचा निर्देशांक' नावाचं एक हत्यार वापरात आणलं. काँग्रेसविरोधी मतं एका पक्षाकडे एकवटली आहेत की चौघांत वाटली गेली आहेत, हे त्यातून कळायचं. आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येतो, मग ती तीस टक्के का असेनात. त्यामुळे मतांची टक्केवारी कळली तरी जागा कळत नाहीत, मध्ये ही फाटाफूट बसलेली असते.

'इंडिया टुडे'त छापून आलेला रॉय यांचा अंदाज होता काँग्रेसला चारशेच्या आसपास जागांचा. तोवर नेहरूंनाही तेवढ्या मिळाल्या नव्हत्या. अनेकांना आकडा अतिशयोक्त वाटला. पेट्या उघडल्या तेव्हा ५१४ पैकी ४०४ जागा काँग्रेसच्या निघाल्या. पंजाब आणि आसाममधली निवडणूक पुढे ढकलली होती, ती धरून हा आकडा ४१४ झाला. मतं मात्र निम्म्याहून किंचित कमी, ४९ टक्के. भारतातल्या चाचण्यांच्या इतिहासात इतका नेमका बसलेला अंदाज विरळाच.

पडलेल्यांची यादी वाचायला आजही मजा येते. ग्वाल्हेरला वाजपेयी माधवराव शिंद्यांकडून पडले. अलाहाबादला बहुगुणांना अमिताभ बच्चनने पाडलं. बलियात चंद्रशेखर गेले. जादवपूरला ममता बॅनर्जी नावाच्या तरुण मुलीने सोमनाथ चटर्जींना हरवलं. भाजपला देशभरात दोन जागा. मुंबईत सहापैकी पाच काँग्रेसच्या: वायव्येला सुनील दत्त यांनी राम जेठमलानींना, ईशान्येला गुरुदास कामतांनी प्रमोद महाजनांना, उत्तर मध्य मुंबईत शरद दिघ्यांनी मनोहर जोशींना हरवलं. जोशी तेव्हा कमळावर उभे होते, कारण शिवसेनेला अजून स्वतःचं राखीव चिन्ह नव्हतं. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ काँग्रेस. उरलेले पाच बोटांवर मोजावेत असे: बारामतीत शरद पवार, औरंगाबादला साहेबराव पाटील डोणगावकर, राजापुरात मधू दंडवते, रायगडातल्या कुलाबा मतदारसंघात शेकापचे दि. बा. पाटील. आणि दक्षिण मध्य मुंबईत अपक्ष डॉ. दत्ता सामंत.

शेवटचं नाव इतर चौघांच्या रांगेत बसत नाही. पवारांकडे बारामती होती, दंडवत्यांकडे राजापूरची जुनी निष्ठा होती, दि. बां.च्या मागे सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उठलेला आगरी शेतकरी होता. सामंतांच्या मागे काय होतं? एक हरलेला संप.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांनी काम बंद केलं, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली होती. भांडण फक्त पगाराचं आणि बदली कामगारांना कायम करण्याचं नव्हतं. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे गिरण्यांमध्ये एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करता यायची, आणि ती होती काँग्रेसच्या छायेतली राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगाराला हा संघ नको होता, पण कायदा त्याला दुसरा दरवाजा देत नव्हता. म्हणून तो घाटकोपरच्या पंतनगरातल्या एका डॉक्टरकडे गेला. हा डॉक्टर मूळचा मालवणजवळच्या देवबागचा. खाणीतल्या मजुरांना औषध देता देता त्यांच्या मजुरीसाठी भांडू लागलेला. एकेकाळी काँग्रेसच्याच इंटकमध्ये होता, पुढे कुणाच्याच काबूत राहिला नाही.

संप कुणी मागे घेतला नाही, आजवर नाही. तो विरत गेला. काळाचौकीची दिग्विजय, शिवडीतली स्वान अशा गिरण्यांचे भोंगे बंद झाले, मग काही पुन्हा सुरू झाले, पण आधीच्या निम्म्याही माणसांना काम नव्हतं. गाळ्यात दहा-पंधराजण पाळीपाळीने झोपत होते, त्यातले अर्धे कोकणात, घाटावर निघून गेले. खाणावळवाल्या बायकांची उधारी तशीच राहिली. जे परत कामावर गेले ते मान खाली घालून गेले.

अशा वस्तीत १९८४च्या डिसेंबरात मत मागायला दोन बाजू आल्या, एक सहानुभूतीची आणि एक सूडाची असं तेव्हा म्हटलं जाई. मला ते वर्णन अपुरं वाटतं. सूड घ्यायचा तर ज्याने संप संपवला त्याच्यावर घ्यावा, पण ज्याने संप केला त्याच्यावरही राग असायला हवा होता. दोन वर्षं उपाशी ठेवणारा पुढारी लोकांना नकोसा व्हायला हवा, असं कोणत्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं. शिवाय निर्देशांकाच्या भाषेत सांगायचं तर ही जागा काँग्रेसला सोपीच होती. विरोधी मतं एकवटलेली नव्हती. सामंत अपक्ष, आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक कमळावर, म्हणजे फाटाफूट तर होतीच. दिल्लीहून पाहणाऱ्याने ही जागा डोळे मिटून काँग्रेसच्या रकान्यात टाकली असती.

पण गिरणगावात मत देताना कामगाराला एक गोष्ट करता आली, जी गिरणीच्या गेटवर तीन वर्षं करता आली नव्हती. गेटवर वर्गणीची पावती मजदूर संघाची घ्यावी लागे. पेटीसमोर ती पावती दाखवावी लागत नव्हती. कायद्याने ज्याला आपला प्रतिनिधी म्हणून नाकारलं, त्याला लोकांनी गुप्त मतदानाने आपला प्रतिनिधी केलं. संपाच्या मतदानासारखं मतदान होतं ते, फक्त ते निवडणूक आयोगाने घेतलं.

या मतदारसंघात तेव्हा वरळी, परळ, शिवडी, चिंचपोकळी, नागपाडा आणि माझगाव होतं. रॉय यांच्या अंदाजात ही जागा कुठे चुकली हा प्रश्नच गैरलागू आहे. देशव्यापी नमुन्यात एकेका जागेच्या वाट्याला मूठभरही माणसं येत नाहीत. चाचणी देश सांगते, वस्ती सांगत नाही. हे चाचणीवाले आधीही सांगत असत, पण वाचणारे ऐकत नसत.

या भागाने पुढाऱ्यांचे हिशेब चुकवण्याची ही पहिली वेळ नव्हती. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ला, उत्तर मुंबईच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघात खुद्द बाबासाहेब आंबेडकर पडले. परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षं राहिलेला माणूस, राज्यघटनेचा शिल्पकार, नारायण काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी. त्याच निवडणुकीत डांग्यांनी ९६ हजारांवर मतं घेतली होती. मतं कुजवल्याचा आरोप झाला, बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जही केला, पण निकाल बदलला नाही. पाच वर्षांनी संयुक्त महाराष्ट्राच्या हवेत तेच डांगे मध्य मुंबईतून दणक्यात निवडून आले. १९६२ला पडले, १९६७ला पुन्हा आले. १९७०ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि परळच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीला हरवून वामनराव महाडिक १,६७९ मतांनी शिवसेनेचे पहिले आमदार झाले. लाल बालेकिल्ला संपला असं तेव्हा लिहिलं गेलं. चार वर्षांत, १९७४च्या जानेवारीत, मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पाठिंबा असलेल्या रामराव आदिकांना हरवून डांग्यांची मुलगी रोझा देशपांडे निवडून आली. एकाच चाळीत एका भिंतीवर बाळासाहेब आणि दुसऱ्या भिंतीवर लाल बावटा हे चित्र बाहेरच्याला विसंगत वाटतं. आत राहणाऱ्याला त्यात काही चुकीचं दिसत नाही. कामाच्या ठिकाणी एक पुढारी, गल्लीत दुसरा.

सामंतांचंही तेच झालं. १९८५च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने १७० पैकी ७४ जागा जिंकून मुंबई ताब्यात घेतली. डॉक्टरला दिल्लीला पाठवणाऱ्या वस्त्यांत सहा महिन्यांच्या आत शाखांवर गुलाल उधळला गेला. १९८९ला दक्षिण मध्य मुंबईची जागाही महाडिकांकडे गेली आणि १९९१पासून मोहन रावलेंची झाली. १६ जानेवारी १९९७ला पवईत सामंतांचा खून झाला तेव्हा गिरणगाव पुन्हा एकदा त्यांच्या मागे चाललं, पण ती अंत्ययात्रा होती.

२००४च्या निवडणुकीत चाचण्यांचं दुकान मोठं झालं होतं. पाक्षिकाच्या पानांवरून ते चोवीस तासांच्या वाहिन्यांवर आलं. 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती आणि एक्झिट पोलचे तक्ते एकाच पडद्यावर दिसत. बहुतेक वाहिन्यांनी वाजपेयींच्या आघाडीला २३० ते २७५च्या दरम्यान ठेवलं. १३ मेला ती १९०लाही पोचली नाही. भाजप १३८, काँग्रेस १४५. वीस वर्षांपूर्वी नेम बरोबर लागला होता, या वेळी बाण भलतीकडेच गेला.

आता गंमत बघा. मुंबईत सहापैकी पाच जागा पुन्हा काँग्रेसच्या. लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी एकनाथ गायकवाडांकडून पडले, राम नाईक गोविंदाकडून, जयवंतीबेन मेहता मिलिंद देवरांकडून. आणि सहावी, एकटीच वेगळी राहिलेली जागा? दक्षिण मध्य मुंबई. मोहन रावले. दगडी चाळीचा अरुण गवळी तिथे नव्वद हजारांवर मतं घेऊन गेला, राष्ट्रवादीचे सचिन अहीर दुसरे राहिले, आणि त्या तिरंगी ओढाताणीतून रावले निघाले. अंदाज खरा ठरला त्या वर्षीही ही वस्ती उलटी, खोटा ठरला त्या वर्षीही उलटीच. याचा अर्थ गिरणगावाला काही दिव्यदृष्टी होती असा नाही. फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग सुरू झालं होतं, गिरण्यांच्या जमिनींचे व्यवहार कोर्टात होते, आणि गवळीला पडलेली मतं ही काही आदर्श लोकशाहीची खूण म्हणून मिरवण्यासारखी नव्हेत. पण देशाचा प्रश्न एक आणि इथला दुसरा, हे मात्र दोन्ही वेळा खरं होतं.

२००८च्या पुनर्रचनेने हा मतदारसंघ मोडला, नाव तेवढं शेजारच्या भागाला राहिलं. शिवडी आणि वरळी दक्षिण मुंबईत गेली. म्हणजे आता बीडीडी चाळीतला मतदार आणि मलबार हिलचा मतदार एकाच खासदारासाठी रांगेत उभे. एकाच जागेत दलाल स्ट्रीट आणि झकेरिया बंदर. असं जोडकाम ज्याने केलं त्याने कागदावर लोकसंख्या मोजली असणार, माणसं नव्हेत.

१ जून २०२४च्या संध्याकाळी शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं आणि वाहिन्यांवर आकडे झळकले. ॲक्सिस माय इंडियाने एनडीएला ३६१ ते ४०१ दिले, टुडेज चाणक्यने चारशेच्या आसपास. महाराष्ट्रात ॲक्सिसने महायुतीला २८ ते ३२ जागा दिल्या होत्या. सोमवारी, ३ जूनला, सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळला. मंगळवारी सकाळी शिवडी पूर्वेच्या गाडी अड्ड्यावर, न्यू शिवडी वेअरहाऊसमध्ये दक्षिण आणि दक्षिण मध्य मुंबई या दोन्ही जागांची मोजणी सुरू झाली. अटल सेतू जिथून समुद्रात शिरतो त्याच्या आसपासचा हा गोदामांचा, ट्रकांचा, पोर्ट ट्रस्टच्या जमिनीचा पट्टा. इथून सात-आठ किलोमीटरवर शेअर बाजार. दुपारपर्यंत तिकडे आकडा कोसळत होता. दिवस संपला तेव्हा सेन्सेक्स ४,३९० अंशांनी खाली आला होता.

इकडे फेरीगणिक ठाकऱ्यांच्या सेनेचे अरविंद सावंत पुढे जात होते. समोर यामिनी जाधव, म्हणजे शिवसेनेविरुद्ध शिवसेना, मशालीविरुद्ध धनुष्यबाण. सावंत ५२,६७३ मतांनी जिंकले. शेजारच्या दक्षिण मध्य मुंबईत अनिल देसाईंनी राहुल शेवाळेंना ५३,३८४ मतांनी हरवलं. पलीकडे वायव्य मुंबईत मात्र रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. तेवढी माणसं चाळीच्या एका मजल्यावर राहतात.

गिरणगावाने गड राखला अशा बातम्या दुसऱ्या दिवशी आल्या. आकडे पाहिले तर तेवढं सरळ नाही. मलबार हिलने सावंतांना सुमारे ४८ हजारांनी मागे ढकललं, कुलाब्यानेही आणखी नऊ-दहा हजारांनी. ती भर काढली भायखळ्याने आणि मुंबादेवीने. भायखळ्याच्या तेव्हाच्या आमदार खुद्द यामिनी जाधव, आणि तिथेच त्या ४६ हजारांनी मागे पडल्या. शिवडीचं मताधिक्य सतरा हजारांच्या जवळ, आणि वरळीचं, जिथे आदित्य ठाकरे आमदार, सात हजारही नाही. मनसेचा पाठिंबा महायुतीला होता आणि शिवडी हा मनसेचा जुना भाग, हे धरलं तर सतरा हजार कमी नाहीत. पण एकट्या मराठी मताने हा निकाल लागला असं म्हणणं म्हणजे नागपाड्याच्या रांगा न पाहिल्यासारखं आहे. ज्या वस्त्यांनी एकेकाळी एकमेकींच्या विरोधात मतदान केलं, त्यांनी या वेळी एकाच चिन्हावर बोट ठेवलं.

देशात एनडीए २९३वर थांबली, भाजप २४०वर. महाराष्ट्रात महायुतीला १७, महाविकास आघाडीला ३०, आणि सांगलीत विशाल पाटील अपक्ष. ॲक्सिसचे प्रदीप गुप्ता थेट प्रक्षेपणात रडले. त्यांना हसणाऱ्यांना एक आकडा सांगायला हवा: २०१९च्या तुलनेत भाजपची मतं एक टक्काही कमी झाली नव्हती, ३७.४ वरून ३६.६. जागा मात्र ३०३ वरून २४०. महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांतला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता, जागांतला फरक १३. १९८४ला ४९ टक्क्यांवर चारशे जागांचा अंदाज बरोबर आला, कारण समोर फाटाफूट होती आणि लाट इतकी उंच होती की थोडी चूक झाली तरी निकाल फिरत नव्हता. २०२४ला पाणी गुडघ्याएवढंच होतं. अशा पाण्यात इंचभर चूक म्हणजे कोरडं की ओलं एवढा फरक. रडण्याचं कारण मतं चुकल्याचं कमी आणि ठामपणे सांगितल्याचं जास्त होतं.

शिवाय ज्यांना विचारलं त्यांनी खरं सांगितलं का, हा प्रश्न आहेच. दक्षिण मुंबईत त्या २० मेच्या उकाड्यात निम्म्याच मतदारांनी मतदान केलं. बूथबाहेर टॅब घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी पोराला, हातात दोन-दोन पक्षांच्या स्लिपा घेऊन आलेली बाई काय सांगणार? घराचा पुनर्विकास अडलेला, वरच्या मजल्यावर एका पक्षाचा गटप्रमुख, खालच्या मजल्यावर दुसऱ्याचा. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत असताना शिवडीच्या चाळी तशाच होत्या, कारण जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राची. ज्याचं घर दिल्लीच्या सहीवर अडलं आहे तो आपलं मत मोठ्याने बोलत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभा झाली. बहुतेक चाचण्यांनी महायुतीला बहुमताच्या थोडं इकडे-तिकडे ठेवलं होतं, मिळाल्या २३०. जूनमध्ये जादा दिलं म्हणून हसं झालं, नोव्हेंबरात कमी दिलं म्हणून. ठाकऱ्यांच्या सेनेला राज्यात २० जागा उरल्या, त्यांतल्या दहा मुंबईतल्या. त्या दहांत एक शिवडी. अजय चौधरींनी मनसेच्या बाळा नांदगावकरांना सात हजारांवर मतांनी हरवलं. २००९ला नांदगावकर जिंकले होते, त्यानंतर तिसऱ्यांदा चौधरी.

पूर्वी पेट्यांतल्या मतपत्रिका मोजून झाल्या की वस्तीने काय केलं हे चहाच्या टपरीवर ठरायचं. आता आयोगाचा नमुना २० निघतो, त्यात बूथगणिक आकडे असतात. गटप्रमुख तो कागद मिळवतो, पहिली पानं उलटतो, आपल्या दोन चाळींच्या बूथवर येऊन थांबतो आणि बोटाने ओळ धरून वाचतो. मग वरच्या मजल्याकडे बघतो.